रिकाम्या नळीचं अनावरण

"काय करतीस गं तू कंपनीत?" असं मला पौडात अजून विचारतात. मी सांगते, नळी रिकामी करते. मग समोरचीचं तोंड बघण्यासारखं होतं. आमची शेजारीण एकदा म्हणाली, "रिकामं करायचा पगार देत्यात व्हय? आमचं पातेलं रोज रिकामं हुतंय, आमाला कुनी देत न्हाई." तिच्यावर मी कधी रागावले नाही. ती निदान विचारते तरी. ज्यांनी विचारायला हवं ते न विचारताच भाषण ठोकतात, आणि माझा सगळा राग त्यांच्यावर आहे.

रिकामी म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं अडायला नको. दुसऱ्या राज्यात सरकारची एक मोठी प्रयोगशाळा आहे. तिथं एका गोल हॉलमध्ये इलेक्ट्रॉन नळीतून गरगर फिरवतात, इतक्या जोरात की वळणावर ते उजेड फेकतात. डोळ्यांना दिसणारा उजेड नव्हे. एक्स-रेच्या जातीचा, पण त्याच्यापेक्षा कितीतरी तेज. त्या उजेडात औषधाचा कण, लोखंडातला तडा, मातीतलं विष असलं काय काय तपासतात. ती गोल नळी तुकड्यातुकड्यांनी बनते, आणि त्यातले काही तुकडे पिरंगुटच्या पुढं, पौड रस्त्यापासून आत, डोंगराला टेकलेल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतात. नळीत हवा राहिली तर इलेक्ट्रॉन हवेला धडकून वाटेतच संपतात. म्हणून हवा काढायची. पोलादाला चिकटलेली ओलसुद्धा नळी दिवसेंदिवस तापवून काढायची. आत उघड्या बोटाचा एक ठसा राहिला, तर त्यातलं तेल महिनोन् महिने वाफ सोडत बसतं. एवढंच आहे. विश्वाचं रहस्य वगैरे आमच्या शेडमध्ये मिळत नाही.

शेडच्या एका कोपऱ्यात काचेची खोली आहे. आत जायचं तर बूट बाहेर, अंगात पांढरा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, हातात मोजे. कपाळावर घाम आला तरी पुसायचा नाही. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, पण शेडमध्ये सगळे तिला 'सोवळं' म्हणतात. "नळी सोवळ्यात हाय." "सोवळ्यातनं भाईर आली का?" हे नाव पाडलं आमच्या वेल्डरमामांनी. मामा इथल्याच जुन्या शेतकरी घरातले. आमची शेड उभी आहे ती जमीन त्यांच्या घरानं विकली, आणि त्याच जमिनीवर मामा आता आठ तास टाके मारतात.

मी बौद्ध घरातली. आमच्या घरात हा शब्द कुणी चेष्टेतसुद्धा काढत नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मामांवर भडकलेच. म्हटलं, "मामा, ह्या शब्दापायी आमच्या आज्यापणज्यांनी काय सोसलंय, म्हायती हाय का तुमाला?"

मामा वेल्डिंगची काच वर करून म्हणाले, "म्हायती हाय म्हनून तर म्हंतोय. सोवळ्यात आता तू एकली, आन आमी जमीनवालं समदं भाईर. बघ की जरा!"

मला रागातही हसू फुटलं. मग मीही तो शब्द वापरायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, वापरताना मजा यायची. कुणी बूट घालून उंबऱ्यापाशी आला की मी आतून ओरडायची, "सोवळं हाय, लांब व्हा!"

सहा वर्षं मी तिथं आहे. आयटीआय केलं, मग गळती तपासायची परीक्षा दिली. सांध्यावर बाहेरून हेलियम सोडायचा आणि आतल्या यंत्राला तो सापडतो का बघायचं. सापडला तर सांधा गळका. शेवटी नळीला दुसरं एक यंत्र जोडायचं, ते आत उरलेल्या वायूंची जात ओळखतं. कागदावर सुळके काढून देतं: अठरावर पाणी, अठ्ठावीसवर हवा, असे. त्याला आम्ही 'नाक' म्हणतो. परीक्षा पास झालेली शेडमध्ये मी एकटी, म्हणून माझ्या सहीशिवाय नळी ट्रकात चढत नाही.

आता आमचे थोर लोक. एक मालक, सगळे त्यांना शेठ म्हणतात. पूर्वी गोठ्यांचे गेट करायचे, आता नळ्या करतात, आणि दोन्हीत फरक काय ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही. दुसरे मॅनेजर, बावधनहून येतात. त्यांच्या तोंडात 'प्रोसेस' हा शब्द इतका येतो की तो काढून घेतला तर बिचारे मुके होतील. सोवळ्यात ते आजवर एकदा आले, तेही फोनवर बोलत, अर्धी टोपी कानावर. मी बाहेर काढलं. तेव्हापासून मी 'डिफिकल्ट'.

तर गोष्ट अशी घडली. प्रयोगशाळेचं पत्र आलं की नवी नळी बसवायला तुमच्याकडचा हाताळणीतला एक माणूस पाठवा. ज्यांना तिथल्या हॉलमध्ये नळीला हात लावायची परवानगी आहे अशांची त्यांच्याकडे यादी असते. शेडमधून माझं नाव गेलं आणि ते मंजूर झालं. सहा वर्षं मी ज्या यंत्राचे तुकडे धुतले, तापवले, हुंगले, ते यंत्र मी कधी पाहिलेलं नव्हतं. पत्रावर माझं नाव वाचून मी काचेच्या खोलीत जाऊन रडले, आणि डोळे पुसायची सोय नव्हती म्हणून तशीच उभी राहिले. मला दुसरं काही नको होतं. ती गोल नळी एकदा डोळ्यांनी बघायची होती आणि माझा तुकडा माझ्या हातानं तिला जोडायचा होता.

गुरुवारी प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ शेवटच्या तपासणीला येणार होते. तपासणीत नळी पास झाली की रवानगी. पण शेठना रवानगीची पूजा आधीच उरकायची होती. का? तर प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेल्या पुढाऱ्याची तारीख मंगळवारची मिळाली. लग्नाआधी बारसं! मी म्हटलं, "शेठ, नळी अजून पास व्हायचीय." शेठ म्हणाले, "तुझ्या हातची हाय म्हंजे पासच की." कौतुक केल्यासारखं करून माणसाला गप्प कसं करायचं, ते ह्या लोकांकडून शिकावं.

मंगळवारी नळी ट्रॉलीवर घालून सोवळ्यातून बाहेर अंगणात आणली. मांडव, खुर्च्या, माइक. नळीच्या दोन्ही तोंडांना आम्ही स्वच्छ केलेला चंदेरी कागद घट्ट बांधतो, धूळ जाऊ नये म्हणून. मॅनेजरसाहेबांना ते फारच उघडंबोडकं वाटलं. त्यांनी त्यावर लाल रेशमी फीत बांधली, फुलासकट. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाले, "प्रेझेंटेशन, मॅडम."

लवळ्याच्या डोंगरावरल्या कुठल्याशा कॉलेजातले एक प्राध्यापक भाषणाला बोलावले होते. त्यांनी सांगितलं की ह्या नळीतून देवकण धावणार आहे, आणि हे सारं आपल्या ऋषींना ठाऊक होतंच. डोंबल ठाऊक होतं! देवकणाचा आणि आमच्या नळीचा संबंध तेवढाच, जेवढा माझा आणि त्या ऋषींचा. पण टाळ्या पडल्या. पोरांना शिकवून पगार घेतात ही माणसं, आणि नळीत काय फिरतं ते येताना गाडीत कुणाला विचारायचे कष्टसुद्धा घेत नाहीत.

मग फोटोवाल्यानं सगळ्यांना नळीभोवती गोळा केलं. मी झगा-टोपीतच नळीजवळ उभी होते, कारण दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता. मॅनेजरसाहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला व्हाल का? ती टोपी-बिपी फोटोत बरी दिसत नाही. आणि तसंही तुम्ही पूजेत नसताच ना?" मी पूजेत नसते हे खरं. पण नळीत मीच असते. मला ढकलल्यासारखं करून खुर्च्यांच्या मागं उभं केलं.

पाहुण्यांनी कात्री घेतली आणि फीत कापली. टाळ्या. आता फीत कापल्यावर पुढं काय, हे त्या गृहस्थांना आयुष्यभराच्या सवयीनं पाठ. फितीनंतर पडदा. त्यांनी चंदेरी कागद दोन बोटांनी धरला आणि टर्रकन ओढून काढला. नळीचं अनावरण! पुन्हा टाळ्या. मी मागून किंचाळले, "अवो, ते काढू नका!" माइकवर सनई लावलेली होती. शेजारी बसलेली एक बाई मला म्हणाली, "शुभकार्यात वरडू नये."

पाहुण्यांनी नळीत डोकावून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आत तर कायबी न्हाई!" सगळे खळखळून हसले. मॅनेजरसाहेब म्हणाले, "हेच तर, सर, हेच तर!" त्या दिवशी त्या मांडवात बोललं गेलेलं ते एकच खरं वाक्य, आणि तेही चुकून.

मग गुरुजी पुढं झाले आणि पाठीच पाठी मला दिसायला लागल्या. शेठचा आवाज ऐकू आला, "गुरुजी, आक्षता आतबी टाका. आतलंच म्हत्त्वाचं हाय." मी पुढं घुसायला लागले तर दोघांनी दंड धरून थांबवलं, अगदी प्रेमानं. आरती झाली, पेढे वाटले. मला पेढा देताना शेठ म्हणाले, "घे, तुजं बी त्वांड ग्वाड कर." मी घेतला नाही.

नळी पुन्हा सोवळ्यात नेली. उजेड मारून बघते तर तळाशी लाल तांदूळ. मी म्हटलं, पहिल्यापासून धुवायला लागेल, पंधरा दिवस. मॅनेजरसाहेब म्हणाले, "गुरुवारी सर येतायत. ब्लोअर मारा ना, उडून जाईल." उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. मी दिसले तेवढे तांदूळ चिमट्यानं वेचले, हाताशी होतं ते सगळं वापरून पुसलं आणि पंप लावला. म्हटलं, काय ते यंत्रच सांगेल.

बुधवारी सकाळी येऊन पाहिलं. दाब एका जागी येऊन अडला होता, खाली उतरेना. गळती शोधली, नाही. नाक जोडलं. कागदावर पंच्याण्णवाच्या आकड्यावर सुळका. पाण्याचा नाही, हवेचा नाही, तेलाचाही असा नसतो. सहा वर्षांत मी तिथं कधी काही पाहिलं नव्हतं. पंप बंद केला, आत शुद्ध वायू भरला, तोंड उघडलं आणि पट्टी खाली करून वास घेतला. पूजेच्या ताटाचा वास आला.

आतल्या बाजूला एक अरुंद खाच असते, उजेड बाहेर पडायची. तिथं कापराची अर्धी झिजलेली वडी अडकून बसली होती. ती मी चिमट्यानं काढली. तिचा कण एका छोट्या भांड्यात घातला, भांडं पंपाला लावलं आणि नाक जोडलं. पुन्हा पंच्याण्णवावर सुळका, शेजारचे बारके सुळकेही तेच. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मी एकटीच हसत सुटले. लाखमोलाचं विलायती यंत्र, आणि त्यानं शोधलं काय, तर पौडच्या बाजारातला कापूर.

हसू फार टिकलं नाही. दुपारी मॅनेजरसाहेब त्रुटीचा अहवाल टाइप करूनच घेऊन आले. म्हणाले, "फक्त फॉर्मॅलिटी आहे. इथे एक सही." मी वाचलं. कारणाच्या रकान्यात होतं: 'कर्मचाऱ्याच्या उघड्या हाताचा नळीच्या आतील भागास स्पर्श.' खाली कर्मचारी म्हणून माझं नाव.

"कुनाच्या हाताचा?"

"अहो, जनरल आहे ते. ह्यूमन एरर."

"ह्यूमनचं नाव माझं लिवलंय की खाली."

"इन्चार्ज तुम्ही आहात ना."

"आणि यादी? उघडा हात लावणारीला ते यादीत ठेवतील?"

ते म्हणाले, "ते नंतर बघू. प्रोसेस आहे." म्हणजे ठेवणार नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानंच सही करायची. मी कागद परत दिला.

संध्याकाळी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. आधी गोड बोलले, मग मुद्द्यावर आले. "देवाधर्माचं नाव सरकारी कागदावर नगं. आन त्यात तू लिवलंस तर लोक काय म्हंतील? ह्यांच्यातल्या बाईनं पूजंवर बोट ठिवलं. तुज्याच भल्याचं सांगतोय मी."

मला असा संताप आला! कापूर ह्यांचा, खाच माझी, आणि धर्म मधे कुठून आणला? मी कुणाच्या पूजेला कधी नावं ठेवली नाहीत. हवी तेवढी करा, नळीच्या बाहेर करा. आणि 'उघड्या हाताचा स्पर्श' हे शब्द माझ्या नावावर लिहिताना ह्या माणसाला एकदाही अडखळल्यासारखं झालं नाही. माझ्या आजीच्या स्पर्शाचे नियम ह्याच लोकांनी केले होते. नियम गेले, पण काही खराब झालं की हात कुणाचा ठरवायचा, ते ह्यांना अजून न विचारता कळतं. मी एवढंच म्हटलं, "सही करनार न्हाई," आणि निघाले.

बाहेर मामा उभे होते. "कर की सही, पोरी. कागद तर हाय. पोटावर पाय नगं." मी म्हटलं, "मामा, तुमी जमिनीच्या कागदावर अशीच केली व्हती न्हवं सही?" बोलायला नको होतं. मामा डबा घेऊन चालायला लागले. मला अजून ते खुपतं, पण त्या दिवशी मला सगळ्यांचीच चीड आली होती.

गुरुवारी शास्त्रज्ञ आले. साधा शर्ट, पायात सॅंडल, मूळचे विदर्भातले. शेठनी त्यांना केबिनमध्ये बसवून नारळपाणी दिलं आणि स्वतःच सुरू केलं, "सर, आमच्याकडं नियम म्हंजे नियम. बाईचा हात लागला, चुकी झाली, मान्य हाय." मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आत गेले आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

सरांनी बघितले. "हे पंच्याण्णव कशाचं?"

"कापराचं," मी म्हटलं. "हा नळीतला, हा मी मुद्दाम घेतलेला."

"कापूर कुठनं यील हितं?" शेठ म्हणाले. चेहरा असा की लहान लेकरूही फसावं.

सरांनी मान वर केली. शेठच्या डोक्यामागं भिंतीवर मंगळवारचा फोटो. दोन दिवसांत मोठा करून, चौकटीत घालून, टांगलासुद्धा! हौस माणसाला कुठं नेते बघा. सर उठले, चष्मा लावला आणि फोटोजवळ गेले. मधोमध पाहुणे, हात कोपरापर्यंत नळीत. गुरुजी नळीच्या तोंडाच्या काठावर कापराची वडी ठेवतायत, अगदी स्पष्ट.

"सर, तो फोटो जुन्या नळीचा आहे," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"नळीवर नंबर कोरलेला दिसतो आहे," सर म्हणाले. मग बोट एकेका माणसावर ठेवत गेले. "यांच्या हातात मोजे नाहीत. यांच्याही नाहीत. हे कोण, प्राध्यापक? यांच्याही नाहीत. ताई, तुम्ही कुठं आहात यात?"

"मी न्हाई त्यात. टोपी बरी दिसत न्हाई म्हणून मला बाजूला काढलं."

सर हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मॅनेजरसाहेबही हसायला लागले, शरम नसली की हसणं सोपं जातं. मी हसले नाही. सर म्हणाले, नळी पहिल्यापासून धुवा, पुन्हा तपासू, आणि बसवायला ह्या ताईच येतील. मला वाटलं, जिंकले.

नळी धुतली, तापवली, पास झाली, आणि मी गेले. गोल हॉल पाहिला. सांगू? बघण्यासारखं काही नाही. भिंतीभर केबल, पिवळे रंगवलेले कठडे, पंख्यांची घरघर, लोहचुंबकांचे निळे ठोकळे, आणि त्यांच्या पोटातून जाणारी नळी, जिचा एकेक हात तुकडा तेवढा दिसतो. प्राध्यापकांना दाखवली असती तर ते देवकण कुठाय म्हणून विचारत बसले असते. मला मात्र इतका आनंद झाला की मी दोनदा चुकीच्या बाजूनं आत शिरले. माझी नळी मी धरली, तांब्याची कडी मधे घातली, एकेक बोल्ट समोरासमोरचा आवळला. आठ दिवसांनी सरांचा निरोप आला की त्यातून इलेक्ट्रॉन फिरतायत, काही अडचण नाही. तो निरोप मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "फिरू दे, बाई."

महिन्यानं पुढच्या नळीची फाइल माझ्याकडे आली. तिच्यात मागच्या नळीचा शेवटचा अहवाल लावलेला होता. मी कारणाचा रकाना वाचला. 'कर्मचाऱ्याच्या उघड्या हाताचा स्पर्श.' माझं नाव. माझ्या सहीच्या जागी मॅनेजरची, आणि खाली सरांचीसुद्धा. सोबत एक चिठ्ठी, की नियमाप्रमाणे हाताळणीच्या यादीतून संबंधित कर्मचाऱ्याचं नाव कमी करण्यात येत आहे.

मी सरांना फोन केला. ते चाचरले. म्हणाले, "ताई, सरकारी फाइलमध्ये कापूर कसा लिहू? वर जाऊन शंभर प्रश्न. तुमचं काम काय आहे ते मला माहीत आहे ना." मला त्या माणसाबद्दल जे काय चांगलं वाटत होतं ते तिथल्या तिथं संपलं. शेठ निदान अडाणी आहेत. ह्यांनी सुळका वाचला होता, फोटोवर बोट ठेवलं होतं, हसले होते, आणि मग सही केली होती.

त्याच आठवड्यात पुढची नळी तयार झाली. गळती नाही, नाक साफ. ट्रक लागला. मॅनेजरसाहेब प्रमाणपत्र घेऊन आले, "मॅडम, सही."

मी म्हटलं, "ज्या हातानं घाण केली, त्याच हाताची सही कशी चालंल?"

"अहो, तो कागद कोण वाचतंय?"

"मी वाचलाय."

ट्रक तीन दिवस अंगणात उभा राहिला. प्रयोगशाळेनं ठरावीक दिवसांसाठी यंत्र बंद केलेलं, रोज त्यांचा फोन. मॅनेजरसाहेबांनी दुसरा कुणी सही करील का म्हणून शोधलं. परीक्षा कुणी दिली नव्हती. मामांना विचारलं तर मामा म्हणाले, "मला लिवायला येत न्हाई." मामा रोज पेपर वाचतात.

चौथ्या दिवशी शेठ सोवळ्याच्या दारात आले. मी नळीला कागद बांधत होते, हात सोडला नाही. म्हटलं, "बूट." त्यांनी बूट काढले. झगा घातला, टोपी घातली, मोजे घातले, आत आले आणि जुना अहवाल टेबलावर ठेवला. म्हणाले, "बोल, काय लिवू?"

"जे झालं ते."

त्यांनी कारणाच्या रकान्यावर काट मारली आणि मोज्यातल्या बोटांनी वेडंवाकडं लिहिलं, 'पूजेचे साहित्य'.

"साहित्य न्हाई," मी म्हटलं. "कापूर. आन तो तुमच्या पूजेतनं गेला, असं."

त्यांनी तेही खोडलं. लिहिलं, 'मालकाच्या पूजेतील कापूर', आणि खाली स्वतःची सही केली. माझं नाव खोडलं. कागद माझ्याकडं सरकवून म्हणाले, "हाच धाडतो त्यांना. झालं समाधान?"

"न्हाई," म्हटलं, आणि प्रमाणपत्रावर सही केली.